प्रतिसाद: श्रीनगरला पाऊस, गुलमर्गला बर्फ

वर विचारलंय की एकाच दिवशी श्रीनगरला पाऊस आणि गुलमर्गला बर्फ कसा. कारण उंची. श्रीनगर साधारण १५८५ मीटरवर, गुलमर्ग २६५० च्या आसपास. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश घट धरली, तर खाली ४ अंश असताना वर उणे ३ भरतात.

बर्फ येणार हे ढग बरेच आधी सांगतात. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारी हवामान प्रणाली, जवळ आला की आधी पिसांसारखे उंच सिरस ढग येतात. मग सिरोस्ट्रेटसचा पातळ पडदा आणि सूर्याभोवती खळं. हात ताणून पंजा पूर्ण फाकवा, अंगठा सूर्यावर धरा. करंगळी साधारण खळ्यापाशी पोचते, म्हणजे २२ अंश. थेट सूर्याकडे मात्र बघू नका, तो अंगठ्याआड राहू द्या. खळं गेलं, सूर्य दुधी काचेमागे असल्यासारखा फिकट झाला आणि सावल्या पुसल्या गेल्या की तो अल्टोस्ट्रेटस. बर्फाच्या तयारीला लागायची वेळ हीच. टंगमर्गच्या (गुलमर्गच्या पायथ्याचं गाव) वर जायला चेनवाली गाडी, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावलेली, आत्ताच ठरवून ठेवा. पुढचा करडा निंबोस्ट्रेटस तासन् तास संथ बर्फ टाकतो.

दर खेपेला पुढे बर्फ येतोच असं नाही. विक्षोभ उत्तरेकडून निसटला तर सिरस येऊन नुसतेच जातात.

आभाळ मोकळं झाल्यावरची पहिली रात्र सगळ्यात कडाक्याची. ढगांचं पांघरूण नसतं आणि ताजा बर्फ उष्णता झपाट्याने सोडतो. थंड हवा खोऱ्यात साचते, म्हणून सकाळी श्रीनगरला दाट धुकं आणि वर लख्ख ऊन. त्या दिवशी विमानाला उशीर गृहीत धरा.