मदत हवी आहे: फायब्रोमायल्जियासाठी रक्तातल्या प्रथिनांची तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी,

मोठ्या बहिणीसाठी विचारते आहे. ताई अमळनेर तालुक्यात दिलेली, वय पंचेचाळीसच्या आसपास. घरची कोरडवाहू शेती, कपाशी आणि ज्वारी. गेली काही वर्षं तिचं सगळं अंग दुखतं. आधी मान आणि खांदे धरले, मग कंबर, मांड्या, आता हाताचे पंजेसुद्धा. रात्री झोप लागते, पण सकाळी उठते ती दमलेलीच. बोलता बोलता शब्द सापडत नाही, गॅसवर दूध ठेवून विसरते. कासाराकडे बांगड्या भरायला बसली की हात दाबला जाताच कळवळते. दवाखान्यात बी.पी.चा पट्टा आवळला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

जळगावच्या एका डॉक्टरांनी नीट तपासून फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट वेदनांचा आजार, असं सांगितलं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या), थायरॉईड, आरए फॅक्टर (संधिवाताची तपासणी) सगळं नॉर्मल. व्हिटॅमिन डी कमी होतं, ते भरून काढलं, पण दुखणं होतं तसंच आहे.

हे ‘नॉर्मल’च तिच्या मुळावर आलं आहे. सासूबाई म्हणतात, "सगळं नॉर्मल शे, मंग तुले व्हयनं काय?" त्या वाईट नाहीत. या वयातही कपाशी वेचायला जातात, म्हणून त्यांना सुनेचं बसून राहणं समजत नाही. दाजींना वाटतं, बाई मनाला लावून घेते. उन्हाळ्यात बिबडे करायचे होते. मोठ्या पातेल्यातला ज्वारीचा घाटा ढवळता ढवळता ताईने दांडा सोडला आणि भिंतीला टेकून बसली. कोणी काही बोललं नाही, पण जावेने ज्या पद्धतीने तो दांडा उचलला, ते तिला फार लागलं. फोनवर मला म्हणाली, "कागदावर काहीतरी यायला पाहिजे गं. नाहीतर मीच खोटी ठरते."

त्या कागदाच्या शोधात मी वाचायला लागले. फायब्रोमायल्जिया असलेल्या बायकांच्या रक्तात काही प्रथिनं निरोगी बायकांपेक्षा वेगळ्या प्रमाणात सापडली, असं संशोधन झालेलं दिसतं. हॅप्टोग्लोबिन, फायब्रिनोजेन अशी नावं आहेत. इकडे रक्त घ्यायला येणारा मुलगा म्हणाला, "आमच्याकडे प्रोटीनची मोठी टेस्ट आहे, त्यात हाडांचं-अंगाचं सगळं कळतं." रक्कम ऐकून ताई गप्प झाली, पण दुसऱ्या दिवशी कानातले मोडायचं बोलली.

ही टेस्ट करावी का? तिच्यातून फायब्रोमायल्जिया सिद्ध होतं का? आणि डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. दिवसभर शेतात आणि चुलीशी राबणाऱ्या बाईने आणखी कोणता व्यायाम करायचा, हे तिला कोणी सांगत नाही. कृपया अनुभवाने किंवा माहितीने सांगा. गोळ्यांची नावं सुचवू नका, ती डॉक्टरच देतील.

– पारोळेकर

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

पारोळेकर ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पहिलं सांगतो: कानातले मोडू नका.

तुमच्याकडच्या मुलाने सांगितली ती बहुधा सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस असावी. रक्तातली प्रथिनं वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागून पाहायची तपासणी. ती मुख्यतः मल्टिपल मायलोमासारख्या अस्थिमज्जेच्या आजारांसाठी असते. हाडं दुखतात, हिमोग्लोबिन घसरलं आहे, ईएसआर खूप चढला आहे, कॅल्शियम वाढलं आहे, असं काही असेल तर डॉक्टर ती सांगतात. तुमच्या बहिणीचे सीबीसी आणि ईएसआर नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर करू नका. फायब्रोमायल्जियाबद्दल ती काहीच सांगणार नाही.

आता तुम्ही वाचलेलं संशोधन. ते खरं आहे. स्वीडनमधल्या लिंशॉपिंगच्या संशोधकांनी अंगभर जुनाट वेदना असलेल्या बायकांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) निरोगी बायकांशी ताडून पाहिला आणि प्रतिकारशक्ती व दाहाशी संबंधित प्रथिनांत फरक नोंदवले. 2018 मध्ये स्पेनमधल्या अभ्यासात हॅप्टोग्लोबिन आणि फायब्रिनोजेन ही दोन ठळकपणे पुढे आली. पण अडचण अशी की ही दोन्ही प्रथिनं यकृत तयार करतं आणि अंगात कुठेही दाह असला की ती वाढतात. दात सुजला, लघवीचा संसर्ग झाला तरी वाढतील. दुसरं, हे फरक गटांच्या सरासरीचे आहेत. शंभर आजारी आणि शंभर निरोगी बायकांचे आकडे मांडले तर मधले कितीतरी एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे एका बाईच्या आकड्यावरून ‘आजार आहे’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. आजाराची यंत्रणा समजायला हे काम मोलाचं आहे, निदानाला अजून उपयोगाचं नाही.

घरच्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. 2021 मध्ये लंडनचं किंग्ज कॉलेज, लिव्हरपूल आणि स्वीडनची कॅरोलिन्स्का संस्था यांच्या संशोधकांनी फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीची प्रथिनं, अँटीबॉडीज) उंदरांना टोचली. ते उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले, त्यांची हालचाल कमी झाली. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी तसं झालं नाही. उंदीर काही मनाला लावून घेत नाही. दाजींना एवढं सांगाच.

कागद हवा असेल तर तोही मिळतो, फक्त तो लॅबमधून येत नाही. 2016 च्या सुधारित निकषांनुसार डॉक्टर शरीराचे 19 भाग विचारतात आणि कुठे कुठे दुखतं ते मोजतात. थकवा, न ताजंतवानं करणारी झोप, विसरभोळेपणा यांना वेगळे गुण. निदानासाठी दुखणाऱ्या जागा 7 किंवा जास्त आणि लक्षणांचे गुण 5 किंवा जास्त, अथवा जागा 4 ते 6 आणि गुण 9 किंवा जास्त लागतात. शिवाय शरीराच्या पाचपैकी चार विभागांत वेदना आणि हे सगळं किमान तीन महिने. डॉक्टरांकडून हे गुण केसपेपरवर लिहून घ्या. नॉर्मल ईएसआर आणि सीआरपी या निदानाच्या विरोधात जात नाहीत, उलट या आजारात ते बहुधा नॉर्मलच असतात.

प्रतिसाद: तापीकाठ

ताई, मी भुसावळची. मलाही हेच आहे, म्हणून व्यायामाचं मी सांगते.

कपाशी वेचणं म्हणजे व्यायाम नव्हे. तिथे ओळ संपेपर्यंत थांबता येत नाही, कमरेत वाकून एकाच अंगाने काम चालतं, आणि दुसऱ्या दिवशी अंग लाकूड होतं. व्यायामात आपला वेग आपण ठरवायचा. युरोपातल्या युलार या संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या शिफारशींत ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला दिला आहे, गोळ्यांनाही तेवढा नाही, असं माझ्या डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा मी मनावर घेतलं. सुरुवात गल्लीच्या टोकापर्यंत चालण्याने केली. उन्हं उतरल्यावर, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात दुसरी वेळच नाही. बरं वाटलं त्या दिवशी जास्त चालायचं नाही, हे सगळ्यांत अवघड. बरं वाटलं की आपण आठवड्याची धुणी काढतो आणि मग तीन दिवस पडून राहतो. ताईला हे आधी सांगा.

दुसरं, दाजींना एकदा तपासणीच्या खोलीत आत न्या. बाहेर बाकावर बसवू नका. माझ्या यजमानांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, त्यानंतर पाण्याचा हंडा ते स्वतः उचलू लागले. सासूबाईंचं तेवढ्याने बदलेल असं मी म्हणणार नाही. माझ्या घरी नाही बदललं.

प्रतिसाद: पारोळेकर

सूक्ष्मदर्शी सर, तापीकाठ ताई, मनापासून आभार. टेस्ट करत नाही. उंदरांचं ताईला फोनवर वाचून दाखवलं, तर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "हे यांना तूच सांग."

पुढच्या भेटीला दाजी सोबत येतील असं बघते. त्या 19 भागांची यादी मराठीत कोणाकडे आहे का? ताईला घरी बसून खुणा करता येतील असं माणसाचं चित्र असेल तर फारच बरं. आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात अशा दुखण्यासाठी कोणी दाखवलं असेल तर कोणत्या ओपीडीत जायचं ते कळवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.