पन्नाशीनंतर धर्माचा अभ्यास करायला कॉलेजात जावं का?

मासुंदाकाठ (नौपाडा, ठाणे)
बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, मुलगी नोकरीला लागली. आता मला धर्म या विषयात एम.ए. करायचंय, रीतसर वर्गात बसून. घरी, शेजारी, भिशीत सगळ्यांचा एकच प्रश्न: देवाधर्माचंच करायचं तर कॉलेज कशाला, पारायणाला बस की!

प्रवचनं मी लग्नाआधीपासून ऐकते आहे आणि त्यांचं ऋण मानते. पण तिथे बोलणारा एक असतो आणि ऐकणाऱ्यांना सगळं आधीच मान्य असतं. एकाच गीतेतून शंकराचार्यांना संन्यास दिसतो आणि टिळकांना कर्मयोग, हे कसं? हा प्रश्न तिथे विचारला की लोक वळून बघतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या मासुंदा तलावाच्या एका अंगाला कोपिनेश्वर, जवळच सेंट जॉन बॅप्टिस्टचं चर्च. टेंभी नाक्याकडे गेलं की पारशांची अग्यारी आणि ज्यूंचं १८७९ सालचं सिनेगॉग. सिनेगॉगात जाणारे बेने इस्रायली ज्यू घरात माझ्यासारखंच मराठी बोलतात. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी काम बंद ठेवत. एवढ्या जवळ राहून यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही सांगता येत नाही, याची मला टोचणी आहे. माझ्या धर्माबाहेरच्या माणसाच्या शेजारी बसून मला हे शिकायचंय. पटत नसेल तर खोडून काढा.

पायी_दिंडी (कळवा)
राम कृष्ण हरी, ताई. स्पष्ट लिहितो, राग नसावा. धर्म आचरायचा असतो, पेपरात लिहायचा नसतो. माझ्या वडिलांना सही करता येत नव्हती, पण हरिपाठ तोंडपाठ होता आणि वागणं त्याला धरून होतं. विद्यापीठात ज्ञानेश्वरी शिकवतात म्हणजे काय करतात? कुठली ओवी मागाहून घुसली, कुठल्या शब्दाचं मूळ कशात, कुणावर कुणाचा प्रभाव. एवढी चिरफाड झाल्यावर माउली उरते का? पन्नाशीनंतर माणसाकडे वेळ थोडा असतो. तो नामाला द्यावा.

मासुंदाकाठ
काका, राग कसला. पण ही चिरफाड पहिल्यांदा कुणी केली ते आठवा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, खुद्द एकनाथ महाराजांनी पाठभेद तपासून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ अतिशुद्ध, पण पाठांतरात अशुद्ध झाला, असं त्यांनीच शेवटी लिहून ठेवलंय. यापुढे कुणी आपली ओवी त्यात घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी होईल, असा इशाराही दिला. कुठली ओवी मागाहून घुसली हा प्रश्न विद्यापीठातून आलेला नाही, तो पैठणहून आलाय. तुम्ही रोज वाचता ती पोथी त्या प्रश्नामुळेच नीट राहिली.

पायी_दिंडी
मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धा. नाथांना माउली स्वप्नात आले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ म्हणाले, म्हणून नाथ आळंदीला गेले. आधी हाक आली, मग शोधन झालं. तुमच्या प्राध्यापकांना हाक ऐकू आली नसेल तर ते नुसती मुळी मोजत बसतील. माझं भांडण अभ्यासाशी नाही, कोरडेपणाशी आहे.

तर्कनिष्ठ_ऐरोली
मी दोघांच्याही विरोधात. आपल्याकडे धर्माचा तुटवडा आहे का? तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत, तर बचत गटांना हिशेब शिकवा, मुलांना गणित शिकवा. आणि घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, तर हे विषय विद्यापीठात आलेच कसे?

खडू_फळा (वाशी)
कॉलेजात शिकवते म्हणून लिहिते. कलम २८ अडवतं ते धर्माची दीक्षा देणाऱ्या शिक्षणाला. धर्माविषयीचं शिक्षण वेगळं, हा फरक शिक्षणाविषयीच्या कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच केला होता. त्याआधी राधाकृष्णन आयोगाने तर पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मसंस्थापकांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या धर्मग्रंथांतले वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न शिकवावेत असं सुचवलं होतं. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांविषयी शिकवण्याला आडकाठी नाही असा निकाल दिला.

तर्कनिष्ठ_ऐरोली
कायद्याचा मुद्दा मागे घेतो. पण मग प्रत्येक धर्माचा कप्पा वेगळा का? हिंदू अध्ययन इकडे, बौद्ध अध्ययन तिकडे, जैन अध्ययन आणखी कुठे. ज्याला जो धर्म जन्माने मिळाला तो त्याच्याच कप्प्यात नाव घालतो आणि दोन वर्षांनी जास्त अभिमान घेऊन बाहेर पडतो. ताईंना सिनेगॉगबद्दल शिकायचंय, ते कुठल्या पेपरात आहे? ही शंका मी मनापासून विचारतोय.

खडू_फळा
ही शंका खरी आहे. सगळे धर्म शेजारीशेजारी ठेवून शिकवणारे विभाग आपल्या देशात फार थोडे. ताई, नाव घालण्याआधी अभ्यासक्रमाची पानं मागून घ्या आणि तुलनेला किती जागा आहे ते बघा. वयाची अडचण कुठे येणार नाही.

नेरुळची_सून
सगळे ग्रंथांवर बोलताहेत, मी घराचं बोलते. माझ्या जाऊबाईंनी चाळिशीत बी.ए. केलं. सासूबाईंचं औषध, पाहुणे, गणपती, सगळं सांभाळून परीक्षेला बसायच्या. विद्याविहारच्या सोमय्यात धर्माचे अभ्यासक्रम आहेत, पण ठाण्याहून सकाळी धिम्या गाडीत उभं राहून जाणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. इग्नूचं हिंदू अध्ययनाचं एम.ए. घरबसल्या होतं. तेच का नको?

मासुंदाकाठ
कारण घरी माझ्याशी कुणी वाद घालणार नाही गं.

घणसोली_पाली
ताई, वाद हवाय ना, मग माझं ऐका. मी चाळिशी उलटल्यावर नोकरी सांभाळून पाली शिकलो. माझ्या आजोबांनी १९५६ साली धम्म स्वीकारला, पण घरात त्रिपिटक उघडलं ते मी. आमच्या वर्गात ब्राह्मण बाई होत्या, एक जैन गृहस्थ होते. कुणी सहज म्हणालं की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. मी विचारलं, मग १९२७ ला महाडला मनुस्मृती का जाळावी लागली? वर्ग गप्प झाला. त्या दिवसानंतरच खरा अभ्यास सुरू झाला. तुमच्या शेजारी बसणारा तुमच्या पोथीवर बोट ठेवेल. तेव्हा उठून जाणार नसाल तरच वर्गात या.

पायी_दिंडी काका, कोरडेपणाचं म्हणाल तर बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ ला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. मधली एकवीस वर्षं वाचन, तपासणी, लेखन चालू होतं. आमच्याकडे अभ्यास आधी झाला आणि शरण जाणं नंतर. हाक अभ्यासातूनही येते.

पायी_दिंडी
दादा, हे मी असं कधी धरलं नव्हतं. तरी माझ्या मते दोन वाटा आहेत आणि माझी वाट पंढरीची. ताई, एवढंच सांगा, परीक्षा आषाढीच्या सुमारास आली तर काय कराल?

मासुंदाकाठ
परीक्षा देईन, काका. वारी पुढच्या वर्षी करेन.
घणसोली_पाली, उठून जाणार नाही. बोट ठेवलं की दुखेल, पण त्यासाठीच तर वर्ग हवाय. सोमवारी विद्याविहारला जाऊन अभ्यासक्रमाची पानं आणते. पाली हा जोडविषय म्हणून घेता येतो का तेही विचारते. पानं मिळाली की तुलनेचे पेपर कुठले ते इथे लिहीन. तर्कनिष्ठ, तुम्ही ते जरूर तपासा.