अँजिओग्राफी क्लिअर, तरी दुखणं खरं

‘अँजिओग्राफी क्लिअर आली म्हणजे हार्टचा विषय संपला, बायकांचं बहुतेक अ‍ॅसिडिटीच असतं’ हे मत बरेच जण मांडतात, मला ते पटत नाही. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. हृदयाच्या स्नायूत शिरणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत. त्या गरजेला नीट रुंदावल्या नाहीत, तर ब्लॉकेज नसतानाही हृदयाला रक्त कमी पडतं. अमेरिकेत १९९६ मध्ये फक्त बायकांवर ‘वाइज’ नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात छातीत दुखणाऱ्या पण मोठा ब्लॉक नसलेल्या ज्या बायका तपासल्या, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास जणींत हाच दोष सापडला.

आमच्या आत्याचं हेच झालं. अंबाबाईला जाताना महाद्वार रोडवर दोनदा थांबायची. छातीत कळ नाही, पण जबडा दुखायचा, पाठ भरून यायची. घरात सगळ्यांचं निदान ठरलेलं: तांबडा रस्सा बाधला! (त्यात मीही होतो.) अँजिओग्राफी क्लिअर, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?’ वाढलं होतं, तीस वर्षांपूर्वी, आणि हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. गरोदरपणातलं बीपी पुढच्या हृदयविकाराचा धोका वाढवतं, २०११ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बायकांसाठीच्या सूचनांतही ते आहे. बारीक वाहिन्यांतला दोष तपासायला स्ट्रेस एमआरआय (औषधाने हृदयावर ताण आणून काढलेला) किंवा पेट (PET) स्कॅन असतो. आत्याचा एमआरआय पुण्याला करावा लागला. गोळ्या बदलल्यावर तिचं थांबणं बरंच कमी झालं.