मदत हवी आहे: परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठात परीक्षा विभागात कक्ष अधिकारी आहे. हाताखाली नऊ जण, त्यातले चार कंत्राटी. प्राध्यापकांना रिफ्रेशर कोर्स असतात, पदोन्नतीत ते धरलेही जातात. आमच्या लिपिकांना मात्र नवीन पोर्टल आलं की दोन तासांचं सादरीकरण आणि एक पीडीएफ, बस्स.

2020 चं शैक्षणिक धोरण आल्यापासून श्रेयांक (क्रेडिट), ते जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा एबीसी आयडी, मध्येच शिक्षण सोडून परत येणारे विद्यार्थी, सगळं काम बदललं. आमच्या एक वरिष्ठ लिपिक ताई, सव्वीस वर्षं नोकरी. गुणपत्रिकेवर आईच्या नावातली वेलांटी चुकली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. परवा एका मुलाचे श्रेयांक खात्यात दिसेनात, तेव्हा स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाल्या, "सर, आता मला काहीच येत नाही असं वाटतं." तेव्हापासून मला चैन नाही.

दर शनिवारी तासभर एकमेकांना शिकवायचं, असं मनात आहे. पण शनिवार सुट्टीचा, म्हणून कामाच्या वेळेतच बसवावं का? तुमच्याकडे असं कुणी चालवलंय का? कंत्राटी मुलांना प्रशिक्षणाला पाठवायची परवानगी कशी मिळवलीत? 'यशदा'मध्ये (राज्य सरकारची पुण्यातली प्रशिक्षण संस्था) किंवा आयगॉट कर्मयोगीवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन प्रशिक्षणाचं पोर्टल) कुणी काही शिकलं असेल तर रोजच्या कामात त्याचा खरोखर उपयोग झाला का, तेही सांगा. कुलसचिवांकडे टिपणी पुढच्या आठवड्यात ठेवायची आहे.