मदत हवी आहे: धाब्याच्या घराचं मिनिएचर करतेय, सागवानाच्या रेषा, बाजेची वीण आणि खारी माती

नमस्कार मंडळी, मी अमळनेरची. मिनिएचरचा छंद तसा जुना आहे, खुर्च्या, टेबलं, फडताळं असं बरंच करून झालंय पण ते सगळं नेटवरच्या प्लॅनवरून, आणि तिथे जिकडे बघावं तिकडे फायरप्लेस आणि उंच उंच खांबांचे पलंग. यंदा आमच्या आजोळचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर उतरवलं, तिथे आता स्लॅब पडणार आहे. जुनं सागवान विकायच्या आधी मामांनी तुळईचा एक तुकडा आणि अर्धा खांब माझ्यासाठी बाजूला ठेवला, आणि तेव्हापासून एकच डोक्यात बसलंय की तेच घर त्याच लाकडात करायचं. ओसरी, मधलं घर, चुलीची खोली, सगळं.

माप १:१२ घेतलंय. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते, खऱ्या एक फुटाचा इथे एक इंच, त्यामुळे कॅल्क्युलेटर लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. आमचा खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, पाच फुटांचा होता तो पाच इंच झाला, सहा इंची खांब अर्ध्या इंचाचा. जगभर बाहुलीघरांना हेच माप जास्त चालतं. विंडसरला राणी मेरीचं बाहुलीघर आहे ना, १९२१ ते १९२४ मध्ये ल्युटन्सने केलेलं, ज्याने नवी दिल्ली आखली तोच, त्यात नळाला पाणी येतं आणि दिवे लागतात, ते पण १:१२च. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या ६८ थॉर्न रूम्स पण ह्याच मापाच्या. त्यांनी आपापले दिवाणखाने इतक्या निगुतीने केलेत, मग आपल्या ओसरीला, देवळीला, कडीपाटाला म्हणजे कड्या-फळ्यांच्या लाकडी छताला तेवढीच निगुती का मिळू नये असं मला मनापासून वाटतं.

तर अडचणी तीन आहेत.

पहिली लाकडाची. जुनं सागवान आहे, वाळून खडखडीत, वाकण्याची भीती नाही, पण रेषा फार ठळक आहेत. खांबाला चालून जातं, पण कडीपाटाच्या फळ्या दोन मिलिमीटरच्या काढल्या तर रेषा इतक्या मोठ्या दिसतात की बघणाऱ्याला लगेच कळतं हा लहान तुकडा आहे. झोपाळ्याचं पण तेच होतंय. वरून ते चिकट धरत नाही, फेविकॉल लावून रात्रभर दाबून ठेवलं तरी बारीक सांधा नखाने उचकटतो. दुसरं लाकूड घ्यावं का, घ्यावं तर कोणतं? बाल्सा नकोय, फार मऊ पडतो, कडा दबतात. आणि आजोळचं लाकूड अगदीच बाजूला टाकायला मन होत नाही, निदान खांब तुळया तरी त्याच्याच हव्यात.

दुसरी अडचण बाजेची. ओसरीत नानांची बाज कायम असायची, सहा बाय तीनची, म्हणजे सहा इंच बाय तीन इंच. खरं सुंभ सहा मिलिमीटरच्या आसपास जाड धरलं तर इथे अर्ध्या मिलिमीटरचा दोरा हवा, तो गोधडीच्या दोऱ्यात मिळाला, चहाच्या पाण्यात बुडवून रंगही छान आला. पण विणताना ताण दिला की चौकट तिरपी होते आणि एक पाय हवेत राहतो, ताण सोडला तर मधे झोळ पडतो. पायथ्याकडची ताणायची दोरी पण खऱ्यासारखी ठेवायची आहे, चिकटवून टाकायची नाही. तुम्ही काय करता?

तिसरी सगळ्यात नडलेली, धाबं. खाली चार मिलिमीटरचं प्लाय, त्यावर तुराट्यांच्या जागी खराट्याच्या काड्या आडव्या, आणि वर खरी खारी, धाब्यावर टाकतात ती पांढुरकी माती, गावाहूनच आणलेली. वाळली की भेगा पडतात. भेग दोन मिलिमीटरची असली तरी ह्या मापात ती एक इंचाची झाली, पावसाळ्यात आख्खं घर गळेल अशी. छत उचलून आत बघता यावं म्हणून ते सुटं आहे, त्यामुळे वजनही फार नको. प्लास्टर ऑफ पॅरिसवर रंग देऊन पाहिला पण खारीचा तो पांढुरका राखट पोत त्याला येत नाही.

घाई नाही, पण कानबाईच्या सणाआधी ओसरी उभी राहिली तर मावश्या येतील तेव्हा दाखवता येईल.

प्रतिसाद, धुळ्याहून:
ताई, एक नंबर काम शे तुमनं. लाकडाचं सांगतो, घरात सुतारकी आहे. साग तेलकट असतो म्हणून चिकट धरत नाही. सांध्याची जागा ताज्या पॉलिश पेपरने घासा, लगेच थिनरने किंवा ॲसिटोनने पुसा, ते उडालं की त्याच घटकेला फेविकॉल लावा, उद्यावर ठेवलं तर तेल परत वर येतं. आणि पातं लवकर बोथट होईल, सागात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे बारीक कामाला नवीन पातंच घ्या. रेषांचं म्हणाल तर फळी कशी चिरता त्यावर आहे. तुकड्याचं डोकं बघा, वर्षाची वलयं ज्या बाजूला उभी दिसतील तसं चिरा, मग फळीच्या तोंडावर सरळ बारीक रेषा येतात, कमानी येत नाहीत. खांब तुळया सागाच्याच ठेवा. फळ्या आणि झोपाळा मात्र हळदूचा करा नाहीतर काळ्या कुड्याचा, दोन्हीचा पोत एकदम बारीक, काळा कुडा तर खेळणी आणि कोरीवकामालाच वापरतात. दोन्ही रंगाने फिके आहेत तेव्हा सागाचा स्टेन द्यावा लागेल. तो जोडायच्या आधी द्या, कारण जिथे चिकट लागलं तिथे स्टेन बसत नाही, पांढरा डाग राहतो आणि मग काही केल्या जात नाही.

प्रतिसाद, जळगावहून:
बाजेसाठी माझं ऐका. जाड पुठ्ठ्यावर किंवा सॉफ्टबोर्डवर आधी बाजेचा आराखडा काढा, चौकट त्यावर ठेवून चारही कोपऱ्यांना आत बाहेर टाचण्या ठोका आणि विणकाम संपेपर्यंत टाचण्या काढू नका. ताण दोन्ही बाजूंनी सारखा यायला हवा, एका कोपऱ्यातून सुरू करून तिकडेच ओढत राहिलं तर चौकट तिरपी होणारच. दोऱ्याला आधी मेण चोळा, झोळ कमी पडतो आणि कापसाचे केस पण बसतात. पायांना भोकं पाडताना दोन्ही दांड्यांची भोकं थोडी वरखाली घ्या, खऱ्या बाजेत असतं तसं, नाहीतर पाय मधोमध चिरतो. कापायला सोनाराची करवत घ्या ताई, जळगावात सराफ बाजाराच्या आजूबाजूला हत्यारांच्या दुकानात मिळेल. त्याचं पातं दोऱ्याएवढं असतं, देवळीची कमान, दाराची नक्षी सगळं त्याने होतं, हॉबीच्या महागड्या किटची गरज नाही.

प्रतिसाद, चोपड्याहून:
खारी चिकण आहे, वाळताना आकसते आणि खालचं प्लाय आकसत नाही, म्हणून ती फाटते. माती वस्त्रगाळ करा, त्यात बारीक चाळलेली रेती घाला, निम्म्याला निम्मी करून बघा, भुशाच्या जागी लाकडाचा बारीक भुगा आणि पाण्यात थोडा फेविकॉल. प्लायला आधी ओरखडे पाडून फेविकॉलचं पातळ पाणी मारा. मग मिलिमीटरभराचा थर, वर ओलं फडकं, आणि सावलीत. आपल्याकडे एप्रिल मे मध्ये पंख्याखाली ठेवलं तरी वरचा पापुद्रा आधी वाळतो नि आतलं ओलंच राहतं, तिथेच तडकतं. दुसरा थर पहिला पूर्ण वाळल्यावर. केसाएवढी भेग आली तर पातळ खारीचं पाणी ब्रशने फिरवा, धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी नवीन खारी टाकायचेच की. आणि चुलीच्या वर धूर जायला भोक ठेवायला विसरू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. थिनरचं करून पाहिलं, सांधा नखाने आता हलत नाही, मला इतका आनंद झाला की काय सांगू. धाब्याचा नमुना एका छोट्या प्लायवर लावलाय, फडक्याखाली आहे. धुराचं भोक चोपड्याच्या दादांनी बरं आठवून दिलं, ते मी चुलीच्या बरोबर वर घेतेय आणि त्याच्या भोवतीच्या कड्यांना काजळी देणार आहे.

आता एक राहिलं. पुरणपोळीचं खापर करायचंय, चुलीवर पालथं घातलेलं. खरं चौदा पंधरा इंची असतं म्हणजे इथे सव्वा इंच. पॉलिमर क्ले ओव्हनमध्ये भाजून होईल, पण ते प्लास्टिकसारखं चमकतं. कुंभाराकडची माती गोटीवर थापून एवढं पातळ खापर कोणी भाजलंय का? आव्यात मोठ्या मडक्यात ठेवून भाजून देतील का ते? आणि काळा कुडा किंवा हळदूचे छोटे तुकडे यावल, रावेर, शहादा कुठेही वखारीत मिळत असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.