मदत हवी आहे: घरगुती व्यवसायात पदार्थाचा भाव कसा ठरवायचा? (तातडीचे)

निमा_एक (मंगळवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. आम्ही पाच विद्यार्थी मिळून निर्वासित बायकांना घरगुती व्यवसाय चालवायला शिकवतो. माझ्याकडे ज्या ताई आहेत त्या घरून खायचे पदार्थ करून विकतात. हाताला अफाट चव, पण भाव इतका कमी लावतात की बघवत नाही. तीन वेळा समजावलं, एक्सेलमध्ये खर्च मांडून दाखवला. मान डोलावतात, आणि पुढच्या शनिवारी परत तोच भाव! भाषेचीही अडचण आहेच. कोणाकडे खर्च मांडायचं एखादं सोपं टेम्प्लेट आहे का, चित्रांचं असेल तर उत्तम? आणि भाव वाढवायला पटवायचं कसं? पुढच्या शुक्रवारच्या आत हवंय. कृपया 'गूगल करा' म्हणू नका.

कोथरूड_कट्टा (बुधवार, सकाळी ६:५५)
भावाचं नंतर. आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केली का? लहान घरगुती धंद्याला काही अवघड नाही, मी बायकोच्या मसाल्यांसाठी काढली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, झालं. मग लघुउद्योगांची उद्यम नोंदणी, तीही फुकट. एजंटला एक रुपया देऊ नका.

सुमनमावशी (बुधवार, सकाळी ८:१०)
निमा, एक्सेल राहू दे बाजूला. मी अठरा वर्षं दिवाळीचा फराळ विकते. सामानाला जेवढे पैसे लागले त्याच्या तिप्पट लावायचे, संपलं. चकलीला आणखी थोडे वर, कारण चकली मोडते. गॅस, पिशव्या, मोडतोड सगळं त्यात बसतं.

अर्धवट_सीए (बुधवार, सकाळी ९:२५)
मावशी, तिप्पटीचा नियम महाग सामानाला ठीक आहे. सामान स्वस्त आणि कष्ट जास्त असतील तर त्यात बाई मरते. करंजीचं सामान किती आणि वेळ किती, तुम्हीच सांगा. तास मोजायलाच हवेत. धागाकर्तीने पदार्थ कुठला, किती नग, किती तास, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सुमनमावशी (बुधवार, सकाळी ९:४०)
अठरा वर्षांत मेले नाही रे बाबा.

उल्हासनगर_तीन (बुधवार, सकाळी १०:०५)
निर्वासित आणि घरगुती धंदा म्हटलं की आमचं गावच आठवतं. फाळणीनंतर सिंधी मंडळी आली तेव्हा हा सगळा लष्कराचा कल्याण कॅम्प होता, १९४९ साली उल्हासनगर नाव पडलं. बराकीत राहून बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, आणि पुरुष ती लोकलमध्ये विकायचे. आमच्या शेजारच्या आजी सांगायच्या, 'पहिलं वर्ष आम्हाला कोणी काही शिकवायला आलं नाही, म्हणून निभावलं.' हलकेच घ्या. 🙂

कोथरूड_कट्टा (बुधवार, सकाळी १०:२०)
पापड म्हटलं की लिज्जत! १९५९, गिरगाव, सात बायका, ऐंशी रुपये उधार. त्यांनाही पैसे उधार देणारे आणि वाट दाखवणारे भेटलेच होते. तेव्हा तुमच्या आजींचं म्हणणं अर्धंच खरं.

उल्हासनगर_तीन (बुधवार, सकाळी १०:३१)
लिज्जतच्या बायका निर्वासित नव्हत्या. आणि आजी आता हयात नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नका.

निमा_एक (बुधवार, दुपारी २:१५)
अहो, मी जर्मनीत आहे! लाइप्झिगला. प्रोफाइलवर लिहिलंय की. ताई अफगाणिस्तानातल्या आहेत. बोलानी करतात, म्हणजे बटाटा नाहीतर लीक भरलेली पातळ पोळी, तेलावर भाजलेली. शनिवारी ३० बोलानी, एकेक युरोला एक. सामान आणि खोके मिळून साधारण १० युरो. वेळ पाच तास. म्हणजे तासाला ४ युरो! २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. आता तरी टेम्प्लेट द्या.

राईनकाठचा_राघू (बुधवार, दुपारी ३:००)
जर्मनी हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, सकाळपासूनचे सगळे प्रतिसाद वाया गेले. मी इथे चौदा वर्षं आहे. टेम्प्लेटच्या आधी एवढं सांगा: ताईंच्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर नेमकं काय लिहिलंय? आश्रयाचा अर्ज अजून प्रलंबित असेल किंवा नुसती 'डुल्डुंग' (म्हणजे परत पाठवणी तात्पुरती थांबवलेली) असेल तर स्वतःचा धंदा करता येत नाही. निर्वासित म्हणून मान्यता मिळून 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट' (कमाईच्या कामाला परवानगी) लिहिलेलं असेल तर नोकरी आणि धंदा दोन्ही चालतं. 'गेवेर्बे'ची, म्हणजे धंद्याची, नोंदणी झाली आहे का? आरोग्य खात्याचं संसर्गप्रतिबंधाचं प्रशिक्षण झालं आहे का? घरमालकाला माहीत आहे का?

बर्लिनची_बाय (बुधवार, दुपारी ३:२०)
घरच्या स्वयंपाकघरातून विकताच येत नाही जर्मनीत. माझ्या मैत्रिणीने केक विकायचा प्रयत्न केला, सोडून दिला. हे मार्गदर्शन वगैरे बंद करा, त्या बाईलाच गोत्यात आणाल.

राईनकाठचा_राघू (बुधवार, दुपारी ३:४५)
सरसकट चूक. युरोपीय संघाच्या २००४ च्या ८५२ क्रमांकाच्या नियमावलीत राहत्या घरात अन्न तयार करून विकणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरणच आहे. स्वच्छता राखली, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवलं तर कायद्याने बंदी नाही. पण गावोगावचे अन्ननिरीक्षक कमीजास्त कडक असतात, म्हणून सुरू करण्याआधी त्यांनाच विचारायचं. अनेकजण तासावर भाड्याचं स्वयंपाकघर घेतात. केकचं दुखणं वेगळं आहे. केक-मिठाई 'कंडिटर'च्या हस्तव्यवसायात मोडते आणि तिथे माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, पदवी मागतात. बोलानीला ती लागत नाही.

निमा_एक (बुधवार, दुपारी ४:१०)
कार्डाचं बघितलं, परवानगी आहे. आमच्या गटात बकलावा करणाऱ्या एक सीरियन ताई आहेत, त्या माझ्याकडे नाहीत, पण ते केकचं वाचून पोटात गोळा आला. बाकी नोंदणी वगैरे 'करायची आहे' या यादीत आहे. आधी धंदा फायद्यात तर येऊ दे! लोगो झालाय, इन्स्टा पान झालंय, विद्यापीठात ऑर्डर येतात. अडलंय फक्त भावावर. शुक्रवारी आमचं सादरीकरण आहे आणि त्यात नफ्याचा आलेख दाखवायचाय.

दिल्लीत_दहा_वर्षं (बुधवार, सायं. ६:३०)
म्हणजे घाई सादरीकरणाची आहे, ताईंची नाही.
रागावू नका, मीही या पापातला आहे. कॉलेजात असताना दिल्लीत लाजपतनगर-भोगल भागातल्या अफगाण बायकांबरोबर आम्ही असंच काम केलं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे त्यांच्याकडे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, कार्ड असायचं आणि बँका त्यावर खातं उघडायला कां कूं करायच्या. मग आम्ही शहाण्यांनी तोडगा काढला: गिऱ्हाइकांचे पैसे आमच्यातल्याच एका मुलाच्या यूपीआयवर घ्यायचे. सहा महिने छान चाललं. परीक्षा संपल्या, मुलगा गावी गेला, फोन बदलला, आणि चार बायकांचे अकरा हजार रुपये दोन महिने अडकले. मुलाची नियत चांगली होती. पण बायकांच्या नजरेतून आम्ही कायमचे उतरलो. त्यातली एक नंतर लोणच्याच्या बरण्या घेऊन माझ्या समोरून गेली, ओळख न दाखवता.
म्हणून विचारतो: पैसे कोणाच्या खात्यात येतात?

निमा_एक (बुधवार, रात्री ९:०५)
माझ्या पेपालवर. ताईंचं बँक खातं आहे, पेपाल नाही. मी दर रविवारी रोख नेऊन देते, पैन् पैचा हिशेब आहे माझ्याकडे. इन्स्टा पण माझ्याच नंबरवर आहे. त्यात काय झालं?

राईनकाठचा_राघू (बुधवार, रात्री ९:१८)
अहो बाई!!

राईनकाठचा_राघू (बुधवार, रात्री ९:४०)
आता सविस्तर. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर ना? त्यावर परदेशी नागरिक कार्यालयाच्या परवानगीशिवाय स्वतःचा धंदा करता येत नाही. कागदावर बघणाऱ्याला काय दिसतं? निमाताई दर शनिवारी बोलानी विकतात! दुसरं, त्या ताईंना 'ब्युर्गरगेल्ड', म्हणजे गरजूंचा सरकारी निर्वाहभत्ता, मिळतं का? मिळत असेल तर एक युरो कमावला तरी जॉबसेंटरला, म्हणजे तो भत्ता देणाऱ्या कार्यालयाला, कळवावा लागतो. तुम्ही नेऊन दिलेली रोख उद्या लपवलेली कमाई ठरेल आणि वसुली त्यांच्याकडून होईल. त्यांच्या कराचे फॉर्मसुद्धा तुम्ही भरू नका. फुकट असलं तरी परक्या माणसाला करसल्ला द्यायला इथे परवाना लागतो. सोबत जा, दुभाषी व्हा, रांगेत उभ्या राहा. पहिला सल्ला व्यापार मंडळात, म्हणजे आयएचकेमध्ये, फुकट मिळतो. धंदा सुरू करणाऱ्या बेरोजगारांना जॉबसेंटर प्रशिक्षणाचं व्हाउचर देऊ शकतं, तेही मागा.

बर्लिनची_बाय (बुधवार, रात्री ९:५२)
मी आधीच म्हटलं होतं, बंद करा.

कोथरूड_कट्टा (बुधवार, रात्री १०:१५)
भारतात हे सगळं शंभर रुपयांत झालं असतं.

दिल्लीत_दहा_वर्षं (बुधवार, रात्री १०:२२)
कोथरूडकर, आधार असलेल्याला.

फारसी_पारशी_नाही (गुरुवार, सकाळी ७:३०)
धागा आत्ता पाहिला. भाषेची अडचण लिहिली आहे. ताई दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, बोलतात का? मग तुम्ही त्यांच्याशी जर्मनमध्ये किंवा फोनच्या भाषांतरातून का झगडताय? हिसाब, खर्च, फायदा, बाजार, दुकान, नगद, कर्ज हे सगळे शब्द आपल्या मराठीत आले ते बहुतेक फारसीच्या वाटेने. पेशव्यांचं अर्धं दफ्तर त्यांनाही ओळखीचं वाटेल. एक्सेल मिटा, वही घ्या आणि हे शब्द तोंडाने म्हणून बघा.

अर्धवट_सीए (गुरुवार, सकाळी ८:०५)
रात्री राघूंचं वाचून आकडे मांडले. २०२५ च्या नियमांप्रमाणे ब्युर्गरगेल्डमध्ये महिन्याची पहिली १०० युरो कमाई कापत नाहीत, त्याच्यावरच्या टप्प्यात फक्त २० टक्के हातात राहतात. बरोबर ना राघू?
आता बघा. एक युरोने ३० बोलानी: आठवड्याला २० युरो सुटतात, चार शनिवारांचे ८०. सगळे तिच्याच हातात. निमाचं ऐकून दोन युरो भाव केला तर आठवड्याला ५०, महिन्याला २००. त्यातले १०० अधिक २०, म्हणजे हातात १२०. कमाई १२० ने वाढली, हातात आले ४० जास्त, आणि वर जॉबसेंटरची पत्रापत्री. निमा, तुमच्या ताईंना हिशेब कळत नाही असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, त्यांना तो तुमच्याआधी कळला होता.

राईनकाठचा_राघू (गुरुवार, सकाळी ८:२०)
बरोबर. फक्त शंभरच्या आत असलं तरी कळवायचं चुकत नाही, एवढं जोडा.

अर्धवट_सीए (गुरुवार, सकाळी ८:३५)
मान्य. आणखी एक. भाव दोन युरो ठेवून बोलानी १५ च केल्या तर? आठवड्याला ३० वजा ५, म्हणजे २५. महिन्याचे बरोबर १००, आणि कष्ट निम्मे. हे नेऊन दाखवा.

सुमनमावशी (गुरुवार, सकाळी ९:००)
सामान पाच, विक्री तीस. सहापट झाले की रे! माझं तिप्पट बरं होतं, गिऱ्हाईक पळालं नाही कधी.

निमा_एक (रविवार, रात्री १०:५०)
उशीर झाला, पण आज ताईंकडे तीन तास होते. लॅपटॉप नेला नाही. बसले आणि म्हटलं, 'खर्च?' त्यांनी चमकून बघितलं. मग मी 'फायदा', मग 'हिसाब', आणि त्या जे हसायला लागल्या! मग त्यांनीच कपाटातून शाळेची वही काढली. मार्चपासूनचं सगळं लिहिलेलं होतं. पीठ, तेल, लीक, खोके, प्रत्येक शनिवारची जमा. शेवटच्या पानावर मोठ्या आकड्यांत १०० लिहून त्याभोवती गोल काढला होता. मी तीन महिने त्यांना एक्सेल शिकवत होते.
वाईट बातमी अशी की माझ्याकडून मिळणारी रोख 'मुलगी विद्यापीठातून आणते, म्हणजे तिनेच कळवलं असणार' असं त्या धरून चालल्या होत्या. मी धरलं होतं की त्या कळवत असतील. उद्या सकाळी दोघी जॉबसेंटरला जातोय, वही घेऊन. तोवर विक्री बंद. पेपालची लिंक काढली. इन्स्टाचा पासवर्ड त्यांच्या मोठ्या मुलीकडे दिला. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिने सगळ्यात आधी माझा लोगो काढून टाकला.
दिल्लीवाले, तुमच्यावर मी खरंच चिडले होते. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

अर्धवट_सीए (रविवार, रात्री ११:१०)
आणि १५ बोलानीचं?

निमा_एक (रविवार, रात्री ११:२५)
दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग बोटं मोजत नावं घ्यायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या आजी, शिवणवर्गातल्या दोघी, डॉक्टरकडे सोबत येणाऱ्या बाई. यांना 'आता पंधराच आहेत, भाव दोन' असं कसं सांगायचं? शेवटी त्यांनीच ठरवलं: परवाने झाले की आपल्या माणसांना एक युरो, विद्यार्थ्यांना दोन. मी कुठल्या यादीत आहे ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. सादरीकरणात नफ्याचा आलेख नाही, वहीच्या त्या पानाचा फोटो द्या म्हटलं तर त्या 'नाही' म्हणाल्या. बघू काय करायचं ते.

कोथरूड_कट्टा (सोमवार, सकाळी ६:४०)
लीक म्हणजे आपली कांद्याची पात का? आणि पिठात मोहन घालतात का? कृती टाका, बायको विचारतेय.