कूलंटचा रंग आणि ऑइल रिपोर्टमधलं सोडियम

रंग जुळला की कुठलंही कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) टॉप-अप करता येतं, हे मत पटलं नाही. रंग म्हणजे नुसता डाय, कंपनीगणिक वेगळा. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा, बस.

ऑइल अ‍ॅनालिसिसच्या (वापरलेल्या इंजिन ऑइलची लॅब तपासणी) चर्चेत सगळे झिजेतून येणारं लोखंड, तांबं यांवरच बोलतायत, कूलंटमधून येणारं सोडियम-पोटॅशियमही बघा. हेड गॅस्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधलं सील) कूलंट थोडं थोडं ऑइलमध्ये झिरपत असेल तर गरम इंजिनात पाणी उडून जातं, कूलंटमधल्या ग्लायकोलचंही विघटन होतं, पण सोडियम-पोटॅशियमचे क्षार मागे उरतात. माझ्या गाडीत डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ऑइल स्वच्छ, फिलर कॅपखाली (ऑइल भरायचं झाकण) कूलंट मिसळल्याची पांढरी साय नाही, तरी सोडियम आधीच्या रिपोर्टच्या तिप्पट! कूलिंग सिस्टिमच्या प्रेशर टेस्टमध्ये गळती सापडली. मात्र काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच असतं, म्हणून न वापरलेल्या ऑइलचा नमुनाही एकदा तपासून ठेवा.